रोगग्रस्त पेशीचा निरोप

इन्फ्ल्युएन्झाची बाधा प्रथमच झाली असता त्या विषाणूस ओळखणारे प्रतिपिंड रक्तात पुरेशा प्रमाणात तयार होण्यास साधारणतः एक आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. विषाणूस मात्र एवढी सवड लागत नाही. श्वासमार्गातील एखाद्या पेशीत त्याने प्रवेश केल्यानंतर सहा ते दहा तासांत त्याची नवी प्रजा त्या पेशीतून बाहेर पडू लागते आणि शेजारच्या पेशी गाठते. हा हिशेब नुसता कागदावर मांडला, तर प्रतिपिंड तयार होईपर्यंत श्वासमार्गात एकही पेशी शाबूत उरू नये. प्रत्यक्षात बहुसंख्य रोगी पाच-सहा दिवस अंथरुणावर काढून उठून बसतात. मधल्या काळात विषाणूस जी आवरून धरते, ती उपजत प्रतिकारशक्ती होय. विशिष्ट रोगाचा पूर्वानुभव तिला लागत नाही. ती जन्मतःच आपल्याजवळ असते.

श्वासमार्गाच्या आतील पृष्ठभागावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो, आणि त्याखालील पेशींवरचे सूक्ष्म रोम सेकंदाला सुमारे दहा ते वीस वेळा हलून तो थर घशाकडे ढकलीत असतात. इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू पेशीस चिकटतो तो तिच्या पृष्ठभागावरील सायालिक आम्लाच्या आधाराने. श्लेष्म्यातील प्रथिनांवरही हेच आम्ल विपुल असल्यामुळे कित्येक विषाणू तेथेच अडकून पडतात व गिळले जाऊन जठरात नष्ट होतात. परंतु विषाणूजवळ हा बंध तोडणारे एक विकर असते. त्याच्या साहाय्याने सुटून काही विषाणू पेशीपर्यंत पोहोचतातच.

येथून पुढचा भाग अधिक मनोवेधक आहे. पेशीत शिरलेल्या विषाणूस आपली जनुकसामग्री, म्हणजे आर.एन.ए.चे आठ तुकडे, उघडी करावीच लागते. आपल्या पेशीतही आर.एन.ए. असते, मग आपले कोणते व परके कोणते, हे पेशीने ओळखावे कसे? आपल्या संदेशवाहक आर.एन.ए.च्या अग्रभागी पेशी एक रासायनिक टोपण बसवते. विषाणूच्या आर.एन.ए.चे टोक उघडे असते व त्यावर तीन फॉस्फेट गट असतात. हे उघडे टोक हुडकणारे रिग-आय नावाचे प्रथिन पेशीद्रवात असते; विषाणूच्या आर.एन.ए.ची वर्दी देण्याचे त्याचे कार्य जपानी संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले. तसे टोक सापडताच पेशीच्या केंद्रकापर्यंत सूचना जाते आणि काही तासांत पेशी एक नवे प्रथिन तयार करून बाहेर सोडू लागते. त्याचे नाव इंटरफेरॉन.

या द्रव्याचा शोध १९५७ साली लंडनमधील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत लागला. एका विषाणूची बाधा झालेल्या पेशींत दुसरा विषाणू सहसा वाढत नाही, हे पूर्वीच ठाऊक होते. कारण उमगत नव्हते. ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले तरुण संशोधक झाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे घेऊन त्यांवर उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू सोडला. नंतर त्या तुकड्यांभोवतीचा द्रव काढून तो ताज्या तुकड्यांवर घातला व त्यांवर जिवंत विषाणू सोडला. विषाणूची वाढ खुंटली. अडथळा विषाणूमुळे नव्हे, तर पेशीने द्रवात सोडलेल्या कसल्यातरी पदार्थामुळे येत होता. अडथळा आणणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून त्यांनी त्यास इंटरफेरॉन हे नाव दिले. जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी १९५४ सालीच देवीच्या लशीच्या विषाणूसंबंधी अशाच एका रोधक द्रव्याची चाहूल घेतली होती; त्यांच्या वाट्याला कीर्ती कमी आली, हे नमूद केले पाहिजे. हा पदार्थ इतक्या अल्प प्रमाणात निर्माण होतो की तो शुद्ध स्वरूपात हाती येण्यास पुढची वीस वर्षे लागली. तोवर त्याच्या अस्तित्वाविषयीच शंका घेणारे पुष्कळ होते. आयझॅक्स १९६७ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. शुद्ध इंटरफेरॉन त्यांनी पाहिले नाही.

अशा विषयावरील लेखांत शरीरास किल्ल्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. आम्हांस ती येथे फारशी समर्पक वाटत नाही. गवताने शाकारलेल्या घरांच्या वस्तीत एका घरास आग लागावी, त्या घरधन्याने हाक मारावी आणि शेजाऱ्यांनी आपापली छपरे भिजवून घ्यावीत, तसा हा प्रकार आहे. बाधित पेशी स्वतः बहुधा वाचत नाही. तिचा निरोप शेजारणींच्या उपयोगी पडतो. तो मिळताच शेजारच्या पेशींत शेकडो जनुके जागी होतात. त्यांपैकी काहींची प्रथिने परक्या आर.एन.ए.चे तुकडे करतात, तर काही पेशीतील प्रथिननिर्मितीच तात्पुरती बंद पाडतात. एमएक्स नावाचे एक प्रथिन तर विषाणूच्या जनुकसामग्रीचे कार्यच अडवून धरते. या प्रथिनाचा माग ज्या निरीक्षणावरून लागला तेही लिंडेनमान यांचेच. इन्फ्ल्युएन्झाने इतर उंदीर मरत असताना एका विशिष्ट जातीचे उंदीर जगतात, असे त्यांना १९६२ साली आढळले होते. प्रयोगशाळांतील बहुतेक उंदरांत हे जनुक निकामी असते, असे पुढे निष्पन्न झाले.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. इन्फ्ल्युएन्झाचे एन.एस.१ हे प्रथिन रिग-आयच्या कार्यात व्यत्यय आणून निरोप निघण्यापूर्वीच दाबून टाकू पाहते. म्हणून पहिल्या एकदोन दिवसांतील ही चढाओढ निर्णायक ठरते.

फ्ल्यूमधील ताप, अंगदुखी व ग्लानी ही विषाणूचीच करणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण यकृतशोथाच्या रोग्यांस औषध म्हणून इंटरफेरॉन टोचले जाई, तेव्हा श्वासमार्गात एकही विषाणू नसताना त्यांना हीच लक्षणे होत. आपण ज्यास रोग म्हणतो त्याचा पुष्कळसा भाग प्रतिकाराचाच असतो. थंडी बाधून सर्दी होते, या घरगुती समजुतीसही थोडा आधार मिळाला आहे. नाकातील तपमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराच्या अंतर्भागापेक्षा कमी असते. उंदरांच्या श्वासमार्गातील पेशी या तपमानात ठेवल्या असता सर्दीच्या विषाणूविरुद्धचा त्यांचा इंटरफेरॉन-प्रतिसाद ३७ अंशांच्या मानाने दुर्बल असतो, असे येल विद्यापीठातील संशोधकांना २०१५ साली दिसून आले.

इंटरफेरॉनपाठोपाठ श्वेतपेशी येतात: बाधित पेशींचा नाश करणाऱ्या, मृत पेशी गिळणाऱ्या, आणि विषाणूचे अंश लसीकाग्रंथींपर्यंत नेऊन तेथे प्रतिपिंडांच्या निर्मितीस चालना देणाऱ्या. हे कार्य आवश्यक असले, तरी फुप्फुसांतील कोट्यवधी वायुकोशांच्या भिंती अतिशय पातळ असतात. दाह लांबला, तर त्यांतून द्रव पाझरून वायुकोश भरतात व प्राणवायू रक्तात जाईनासा होतो. आग विझल्यावरही पाणी ओतीत राहिले, तर भिंतीच खचाव्यात, तशी ही स्थिती होते.

२०२० सालच्या कोविड-साथीने या दोन्ही अवस्था मोठ्या प्रमाणावर दाखवून दिल्या. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्राणघातक न्यूमोनिया झालेल्या ९८७ रोग्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आढळले. या १०१ जणांत ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणरहित बाधा झालेल्या ६६३ जणांत मात्र असा एकही मनुष्य सापडला नाही. हाक मारली गेली होती, पण ती शेजाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही.

दुसऱ्या अवस्थेचा पुरावा ब्रिटनमध्ये मिळाला. दाह शमविणारे डेक्झामेथासोन हे स्वस्त औषध दिल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले; ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशा रोग्यांस मात्र त्यापासून लाभ झाला नाही, उलट अपायाची शंका राहिली. इंटरफेरॉनच्या बाबतीत अनुभव नेमका उलटा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या चाचणीत भारतही सहभागी होता, तीत रुग्णालयात दाखल झालेल्यांना ते देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. परंतु ब्राझील व कॅनडा येथील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत लॅम्डा जातीच्या इंटरफेरॉनचे एकच इंजेक्शन दिले होते. त्या गटात रुग्णालयात दाखल होण्याची किंवा तातडीच्या विभागात दीर्घकाळ थांबण्याची वेळ शंभरांपैकी सुमारे तिघांवर आली, तर इंजेक्शन न मिळालेल्या गटात सुमारे सहांवर. लॅम्डा जातीचे इंटरफेरॉन ग्रहण करणाऱ्या पेशी मुख्यतः श्वासमार्ग, आतडे व यकृत यांतच असल्यामुळे त्यापासून ताप व अंगदुखीही कमी होते. अडचण एवढीच की, खोकला व ताप सुरू झाल्याबरोबर त्याच दिवशी वैद्याकडे जाणारे रोगी फार थोडे असतात.