घरी जुळवलेला संगणक – भाग ९ : हॅकिंटॉश नेमका अडतो कुठे?

ॲपलने न बनवलेल्या संगणकावर मॅकओएस बसवली की त्या संगणकाला हॅकिंटॉश म्हणतात. ॲपलने २००५ च्या जूनमध्ये इंटेलच्या प्रोसेसरकडे वळण्याची घोषणा केली आणि २००६ च्या जानेवारीत पहिले इंटेल मॅक आले. तेव्हापासून मॅक आणि साधा पीसी यांच्या पोटातले बरेचसे भाग एकाच जातीचे झाले. तरी तीन गोष्टी वेगळ्या राहिल्या. मॅकचे फर्मवेअर ॲपलच्याच प्रणालीसाठी घडवलेले असते. मॅकमध्ये एसएमसी नावाची नियंत्रक चिप असते आणि तिच्याकडून ठरावीक उत्तर मिळाल्याशिवाय मॅकओएस पुढे सरकत नाही. शिवाय मॅकओएसमध्ये ड्रायव्हर असतात ते मुख्यतः ॲपलने स्वतः कधी ना कधी वापरलेल्या हार्डवेअरचे. यातली पहिली उणीव आज बहुतेक ठिकाणी ओपनकोर हा बूटलोडर भरून काढतो, दुसरी व्हर्च्युअलएसएमसी, आणि तिसरी इतर केक्स्ट, म्हणजे कर्नलला जोडले जाणारे विस्तार.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा क्रम ठरलेला आहे. मदरबोर्डचे फर्मवेअर ओपनकोरला सुरू करते. ओपनकोर आपली कॉन्फिग फाइल वाचतो, हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या एसीपीआयच्या तक्त्यांत भर घालतो आणि ॲपलच्या बूट डॉट ईएफआयकडे सूत्रे देतो. ते कर्नल मेमरीत चढवते. कर्नल ड्रायव्हर जागे करतो, प्रणाली असलेली डिस्क शोधतो, आणि शेवटी ग्राफिक्स चालू होऊन लॉगिनचा पडदा येतो. संगणक यांपैकी कोणत्या टप्प्यावर थांबला हे कळले की बहुतेक शंका आपोआप गळतात. ते न पाहता दुसऱ्या कुणाचा तयार ईएफआय फोल्डर, म्हणजे ओपनकोर, कॉन्फिग फाइल आणि केक्स्ट असलेला फोल्डर, आणून टाकणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय आहे. मदरबोर्डचे मॉडेल तेच असले तरी बायोसची आवृत्ती वेगळी असेल तर एसीपीआयचे तक्ते बदललेले असू शकतात. त्या फोल्डरमधला कोणता बदल कशासाठी आहे हे उचलणाऱ्याला ठाऊक नसते, आणि मग पुढचा बिघाड शोधायला हाती धागाच राहत नाही.

शोध सुरू करण्यापूर्वी संगणकाला बोलते करावे लागते. बूटच्या सूचनांमध्ये उणे चिन्ह आणि त्यापुढे व्ही हे इंग्रजी अक्षर घातले की सफरचंदाच्या चिन्हाऐवजी कर्नलच्या ओळी पडद्यावर धावू लागतात. त्या डोळ्यांनी वाचण्याइतक्या सावकाश जात नाहीत. म्हणून मोबाइलवर चित्रण करून नंतर एकेक दृश्य थांबवून पाहणे उत्तम. ओपनकोरची डीबग आवृत्ती वापरल्यास तो आपली नोंद ईएफआय विभाजनातल्या फाइलमध्येही लिहून ठेवू शकतो. ओपनकोरबरोबरच मिळणारे ओसीव्हॅलिडेट हे साधन कॉन्फिग फाइलमधल्या चुका दाखवते. फाइलमध्ये हात घातल्यावर प्रत्येक वेळी ते चालवावे.

कर्नलच्या ओळी वाचताना एक गैरसमज फार वेळ खातो. पडद्यावर शेवटी उरलेली ओळ म्हणजेच दोषी, असे मानले जाते. प्रत्यक्षात कर्नल अनेक ड्रायव्हर एकाच वेळी जागे करत असतो. शेवटची ओळ छापणाऱ्याने आपले काम नीट केलेले असते, अडलेला असतो तो काहीच न बोललेला पुढचा. ‘पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन’ या ओळीवर संगणक थांबला म्हणून पीसीआय कार्ड उपसून काढणारे अनेक आहेत. त्या जागी खरे कारण बरेचदा घड्याळाचे असते. इंटेलच्या ३०० मालिकेपासूनच्या अनेक बोर्डांवर जुन्या आरटीसीच्या जागी एडब्ल्यूएसी हे घड्याळ चालू असते. मॅकओएस ते ओळखत नाही आणि मुकाट थांबते. एसएसडीटी-एडब्ल्यूएसी हा छोटा तक्ता जोडून जुने घड्याळ पुन्हा पुढे आणले की काम सुटते. घड्याळ ठीक असेल तर मग बायोसमधली ‘अबव्ह ४ जी डिकोडिंग’ ही सोय चालू आहे का, ते पाहावे.

आता टप्प्यांकडे. ओपनकोरची यादीच दिसत नसेल तर मॅकओएसचा काही संबंध नाही. पेनड्राइव्हची मांडणी, सिक्युअर बूट आणि जुन्या पद्धतीच्या बूटसाठीची सीएसएम ही सोय एवढेच तपासायचे. शेवटच्या दोन्ही गोष्टी बंद असायला हव्यात. यादी दिसते पण तिच्यात इन्स्टॉलर नाही, असे असेल तर बहुधा एचएफएसप्लस हा ड्रायव्हर राहिलेला असतो. ओपनकोरची आवृत्ती बदलताना ओपनरनटाइम जुनाच राहिला तर विसंगतीची तक्रार येते. या दोन फाइल नेहमी एकाच आवृत्तीच्या ठेवाव्यात.

पुढचा टप्पा सर्वांत कुप्रसिद्ध. ‘एक्झिटबीएस : स्टार्ट’ ही ओळ येते आणि पडदा गोठतो. या क्षणी बूट डॉट ईएफआय फर्मवेअरचा निरोप घेऊन मेमरीचा नकाशा कर्नलच्या हाती देत असते. नकाशात गोंधळ असेल तर हे हस्तांतर फसते. ओपनकोरच्या बूटर विभागातल्या सोयी याचसाठी आहेत, आणि त्या बोर्डागणिक बदलतात. झेड३९० बोर्डांना प्रोटेक्टयूईएफआयसर्व्हिसेस लागते. सेटअपव्हर्च्युअलमॅप काही बोर्डांवर चालू लागते, तर काहींवर तीच अडथळा ठरते. येथे एका वेळी एकच सोय बदलावी आणि काय झाले ते वहीत लिहावे. तीन सोयी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तरी कशाने झाला हे कळत नाही.

काल चालणारा संगणक आज याच टप्प्याच्या आसपास कर्नल पॅनिक देऊन कोसळत असेल तर आधी बायोस उघडावे. बायोस अद्ययावत केले किंवा बोर्डावरचा सेल बदलला की सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात आणि सीएफजी लॉक पुन्हा लागतो. कर्नलला प्रोसेसरच्या वीज-व्यवस्थापनासाठी एमएसआर ई२ या रजिस्टरमध्ये लिहायचे असते. कुलूप असेल तर तो तिथेच कोसळतो. बायोसमध्ये ती सोय मिळत नसल्यास ओपनकोरमधला ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक तात्पुरती वाट काढतो.

‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ या ओळीचा अर्थ सरळ आहे : कर्नलला डिस्क सापडत नाही. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना हे झाले तर दोष बहुतेक वेळा यूएसबीचा असतो. मॅकओएस प्रत्येक यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्टांपर्यंतच मोजते. निळे यूएसबी ३ चे एक तोंड हळू व जलद अशा दोन पोर्टांइतके धरले जाते, त्यामुळे मर्यादा लवकर भरते. ही मर्यादा उठवणारी ओपनकोरमधली युक्ती मॅकओएस ११.३ पासून भरवशाची राहिलेली नाही. म्हणून कोणती तोंडे खरोखर लागतात ते ठरवून पोर्टांचा नकाशा करणे हाच पक्का उपाय आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. झोपेतून न उठणारा किंवा झोपवताच जागा होणारा हॅकिंटॉशही कित्येकदा या नकाशानेच सुधारतो.

ओळी सरळ संपतात आणि पडदा काळा होतो, तेव्हा ग्राफिक्सकडे पाहावे. येथे युक्तीने सुटणारे प्रश्न थोडे आणि खरेदीच्या वेळीच ठरलेले प्रश्न जास्त. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांचे ड्रायव्हर मॅकओएस १०.१३ वर थांबले, आणि आरटीएक्स कार्डांना ते कधी मिळालेच नाहीत. एएमडीची आरएक्स ५८०, आरएक्स ५७०० एक्सटी किंवा आरएक्स ६८०० ही कार्डे चालतात, आरएक्स ७००० मालिका चालत नाही. इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स दहाव्या पिढीपर्यंतच उपयोगी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्त पडतो म्हणून घेतलेल्या, नावात ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये तर अंगभूत ग्राफिक्सच नसते. चालणारे कार्ड असूनही पडदा काळा राहिला आणि कार्ड आरएक्स ५००० किंवा ६००० मालिकेतले असेल, तर व्हॉटेव्हरग्रीन हे केक्स्ट आणि त्याची ‘पिकेरा’ ही सूचना लावून पाहावी.

लॉगिननंतरचे दोष जीवघेणे नसतात. आवाज येत नसेल तर ॲपलएएलसी या केक्स्टमध्ये ध्वनिचिपचा योग्य लेआउट क्रमांक सापडेपर्यंत एकेक करून पाहावा लागतो. सोनोमा, म्हणजे मॅकओएस १४, आल्यावर वाय-फाय गेले असेल तर संगणकाचा दोष नाही. त्या आवृत्तीत ॲपलने जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार काढून टाकला. आयमेसेज चालत नसेल तर नेटवर्क कार्डाची नोंद ‘ईएन०’ या नावाने झाली आहे का, हे आधी पाहावे. हॅकिंटॉशसाठी मॅकचा अनुक्रमांक बनवताना तो दुसऱ्या कुणाच्या खऱ्या मॅकचा नाही याची खात्री केलीच पाहिजे. नाहीतर त्रास एका अनोळखी माणसाला होतो.

ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर बसवण्याची मुभा देतो. असे संगणक तयार करून विकणाऱ्या फ्लोरिडातील सायस्टार कंपनीवर ॲपलने २००८ मध्ये खटला भरला आणि २००९ मध्ये न्यायालयाने कायमची मनाई केली. स्वतःच्या घरी प्रयोग करणाऱ्यानेही हे माहीत करूनच प्रयोग करावा. बिघाड झाला तर दाद मागायला सेवा केंद्र नाही. एकमेव संगणकावर, कार्यालयीन कामासाठी हॅकिंटॉश वापरणे म्हणूनच चुकीचे आहे. चालता ईएफआय फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावा आणि कोणतेही अद्यतन त्या पेनड्राइव्हवरून आधी तपासावे.

या वाटेचा शेवटही आता ठरला आहे. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपकडे वळण्याची घोषणा केली, आणि इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती मॅकओएस २६ टाहो असेल हे २०२५ च्या जूनमध्ये सांगितले. पुढच्या आवृत्त्यांमध्ये इंटेलसाठीचा कर्नलच नसेल, तेव्हा ओपनकोरला हाती द्यायला काही उरणार नाही. घरात चालता हॅकिंटॉश असेल तर तो दुरुस्त करून वापरावा. केवळ हॅकिंटॉशसाठी नवे सुटे भाग मात्र आता कुणी विकत घेऊ नयेत.