संगणकाच्या कॅबिनेटची पारख

वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि धूळही असतेच. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पाने राज्यातील ग्रामपंचायतींचे दाखले व नोंदी संगणकावर आणण्यास चालना दिली. म्हणूनच संगणक खरेदी करताना कॅबिनेटचे झाकण उघडून आतील रचना पारखणे अगत्याचे ठरते.

प्रथम मापे पाहावीत. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकानुसार मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. त्याप्रमाणे आधार-खिळे नेमक्या जागी हवेत. अन्यथा बोर्ड पत्र्यास टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असाव्यात.

दुसरी बाब वायुवीजनाची. थंड हवा पुढून आत यावी व गरम हवा मागून किंवा वरून बाहेर पडावी. तारांचा गुंता आड येऊ नये, यासाठी बोर्डामागे त्या बांधण्यास जागा असावी. धूळ अडविणारी जाळी सहज काढून स्वच्छ करता आली पाहिजे.

उष्णता वाढली की प्रोसेसर आपली गती कमी करतो. मर्यादा ओलांडताच यंत्र बंद पडते आणि न साठविलेली नोंद हरवते. मग मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाती परतावे लागते. काचेची बाजू व रंगीत दिवे ही केवळ शोभा होय. खरी पारख हवेच्या मोकळ्या वाटेची.