पाँपेईच्या भिंती खरोखरच लाल होत्या का?

पाँपेई या प्राचीन रोमन शहरातील घरांची छायाचित्रे पाहिली, की आधी डोळ्यांत भरतो तो भिंतींचा गडद लाल रंग. युरोपात या छटेला ‘पाँपेई लाल’ असेच नाव पडले आहे. पण त्या सगळ्या भिंती मुळात लाल होत्या का? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला रसायनशास्त्राची मदत घ्यावी लागेल.

आधी रोमन घर कसे असे ते पाहू. सधन कुटुंबाच्या घरात मधोमध वरून उघडा चौक असे. भोवतालच्या खोल्यांना रस्त्याच्या बाजूने खिडक्या थोड्या आणि लहान असत. सामानसुमानही बेताचेच असे. त्यामुळे घराची शोभा मुख्यतः जमिनीवरील रंगीत खड्यांची नक्षी आणि भिंतींवरील चित्रे यांवर अवलंबून असे. भिंतीचे खालून वर तीन पट्टे पाडीत. मधल्या मोठ्या पट्ट्यात लाल, पिवळ्या किंवा काळ्या रंगाच्या चौकटी भरून त्यांत चित्रे काढीत.

ही चित्रे जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली, ती चुन्यामुळे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून त्याचा गिलावा करीत. वाळू घातलेल्या गिलाव्याचे तीन आणि त्यावर संगमरवराची पूड घातलेल्या गिलाव्याचे तीन थर द्यावेत, असे रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस सांगतो. शेवटचा थर ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावीत. पुढे चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. त्याच्या स्फटिकांत रंगाचे कण पक्के अडकतात.

मात्र चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यात प्रत्येक रंग टिकत नाही. भारतातून रोमला जाणारी नीळ ओल्या गिलाव्यावर चालत नाही, अशी नोंद प्लिनी या लेखकाने केली आहे. हिंगुळ, म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड, हा महागडा लाल रंग. तो उन्हात काळवंडतो. फॅबेरियस नावाच्या लेखनिकाने आपल्या घरातील अंगणाभोवतीच्या भिंती हिंगुळाने रंगवल्या आणि तीस दिवसांत त्या विद्रूप झाल्या, अशी हकिकत व्हिट्रुव्हियसने दिली आहे. लाल आणि पिवळी माती मात्र चुन्यात उत्तम टिकते. या दोन्ही मातींना रंग येतो तो लोहाच्या संयुगांमुळे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पिवळ्या मातीत गोएथाइट हे खनिज असते. लोह, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे हे संयुग सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की त्यातून पाणी बाहेर पडते आणि लाल हेमॅटाइट उरते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तप्त राख व वायूंचे लोट घरांत शिरले. जिथे पुरेशी उष्णता पोचली, तिथे पिवळ्या भिंती लाल झाल्या. काही भिंतींवर तर पिवळ्या रंगातच लाल डाग उमटलेले दिसतात.

पाँपेई आणि शेजारच्या हर्क्युलेनियम येथील भिंतींविषयी इटलीतील संशोधकांनी २०११ मध्ये काही आकडे मांडले. २४६ भिंती लाल आणि ५७ पिवळ्या दिसत होत्या. उद्रेकापूर्वी मात्र १६५ लाल आणि १३८ पिवळ्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ८१ भिंतींचा रंग पालटला. रोमन लोकांच्या आवडीनिवडीविषयी आजच्या रंगांवरून अनुमान काढले, तर ते चुकणारच!

हा बदल वर्गातही दाखवता येईल. लोखंडी पळीत चिमूटभर रामरज, म्हणजे पिवळी माती घ्यावी. ती खरी माती आहे, रंगवलेली खडूपूड नाही, याची खात्री करावी. शिक्षकांनी स्वतः पळी ज्योतीवर धरावी. काही मिनिटांत माती तांबूस होईल. ती थंड झाल्यावर गेरूशेजारी ठेवावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे, ‘ही आता पुन्हा पिवळी होईल का?’ थोडा वेळ थांबून त्यांनाच निरीक्षण करू द्यावे.