तोंडी हुकूम आणि लेखी नियम

सरकारी नोकराने सर्वथा सचोटीने वागावे, असे केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत आरंभीच सांगितले आहे. भेटी, जमीनजुमला, कर्जव्यवहार यांविषयीही त्यांत कलमे आहेत. ती पुष्कळशी उपयोगी पडतात. कारण घर घेतले की कागद होतो आणि कागद तपासता येतो. सचोटीची कसोटी मात्र लागते ती साहेबांच्या खोलीत, ‘एवढे काम करून टाका’ असे नुसते तोंडी सांगितले जाते तेव्हा.

ही अडचण नियमांनी ओळखलेली आहे. वरिष्ठाने आदेश सामान्यतः लेखी द्यावा. तोंडी देणे अपरिहार्यच झाले, तर लगेच लेखी दुजोरा द्यावा. आणि हाताखालच्यानेही तो मागून घ्यावा, असे तिसरा नियम सांगतो. तरतूद नेमकी आहे. पण मागणार कोण? ज्याच्याकडे दुजोरा मागायचा, त्याच्याच लेखणीतून बहुधा वार्षिक मूल्यमापनही उतरायचे!

२०१३ साली निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांची नोंद ठेवण्यास बजावले आणि त्याच निकालात नेमणुकीला निश्चित मुदत असावी, असाही आग्रह धरला. या दोन गोष्टी एकत्र आल्या, हे उगाच नव्हे. उद्याच्या बदलीची धास्ती असलेला मनुष्य आज ‘हे लेखी द्या’ म्हणण्यास सहसा धजत नाही. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत घालून दिली आहे. तीपूर्वीच एखाद्यास हलवायचे झाल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात, तीही लेखी.