खोक्याचा पुनर्जन्म

आंब्याचा रिकामा खोका घरात असेल तर त्याचा एक कोपरा फाडून पाहा. दोन सपाट कागदांच्या मधे नागमोडी कागद दिसेल, ओळीने उभ्या इवल्या कमानींसारखा. खोक्याचं सारं बळ या कमानींत आहे. एरवी हाताने सहज फाटणारा कागद असा वळवला की वर रचलेल्या आणखी खोक्यांचा भार पेलतो.

हा कागद मुळात टोपीसाठी जन्मला. 1856 साली इंग्लंडमध्ये हिली आणि ॲलन यांनी उंच हॅटच्या अस्तरासाठी त्याचं पेटंट घेतलं. 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचांभोवती गुंडाळायला सुचवला. आजच्या कारखान्यातही तापलेल्या दातेरी रोलरांमधून कागद लहरी घेऊन निघतो, लहरींच्या माथ्यांवर स्टार्चची खळ लागते आणि वर सपाट कागद बसतो. तीन थरांचा तो थ्री प्लाय, पाचांचा फाइव्ह प्लाय.

ही खळ मला फार मोलाची वाटते. एकदा पुठ्ठ्याचा तुकडा रात्रभर बादलीत भिजत घातला. सकाळी खळ सैल होऊन थर आपोआप सुटले होते. चोळल्यावर हातात उरला तो नुसता लगदा. कागद गिरणीतला पल्पर हेच करतो, मोठ्या प्रमाणावर. पिना आणि चिकटपट्ट्या गाळून निघतात, लगद्याचा पुन्हा कागद होतो. मात्र प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते एकमेकांना धरेनासे होतात. आपल्याकडे खोक्यांसाठी लागणारा बराचसा क्राफ्ट कागद रद्दीपासूनच बनतो, म्हणजे आपल्या हातातल्या खोक्याने आधीच काही जन्म पाहिलेले असतात.

हे चक्र फिरतं ते कचरावेचकांच्या हातांनी. पुण्यात 1993 साली त्यांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातला पहिला मान कागदाचा. ओल्या कचऱ्यात पडून कुजलेला पुठ्ठा त्यांच्या काही उपयोगाचा नाही. तेल मुरलेलाही नाही, कारण तेल लगद्यातून सुटत नाही.

म्हणून एवढं करा: चिकटपट्टी काढा, खोका उलगडून सपाट करा आणि पावसात भिजू न देता कोरडाच त्यांच्या हाती द्या.