आवृत्तिनियंत्रण, संगणकीय

अनेकांच्या हातून घडणाऱ्या व वारंवार बदलणाऱ्या संगणकीय आज्ञावलींच्या प्रत्येक टप्प्याची क्रमवार नोंद ठेवण्याची पद्धती. कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला हे नोंदींवरून कळते आणि हवी ती जुनी आवृत्ती परत मिळविता येते. या कामासाठी लागणारे संगणक, सुरक्षितता व राखीव प्रती यांची जबाबदारी एखादी संस्था घेते, तेव्हा तीस व्यवस्थापित सेवा म्हणतात. गिटहब व बिटबकेट (दोन्ही २००८) आणि गिटलॅब या अशा प्रमुख सेवा होत.

अनेक हातांतून जाणारा मजकूर बिघडतो, हा अनुभव जुनाच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढील सुमारे तीन शतकांत नकला करताना तीत पाठभेद शिरले. शके १५०६ (१५८४) मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणीही स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. मात्र त्यांनी बदललेल्या पाठांची यादी उपलब्ध नसल्याने आधीची संहिता नेमकी कशी होती, हे निश्चित सांगता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या हस्तलिखितावरून संहिता प्रसिद्ध केली. परंतु त्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. शुद्ध प्रतीइतकीच बदलांची नोंदही महत्त्वाची असते, हे यावरून दिसते. आवृत्तिनियंत्रणाने हीच उणीव भरून काढली.

या प्रकारची पहिली महत्त्वाची प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये तयार केली. आरंभीच्या प्रणालींत एका वेळी एकालाच मजकूर बदलता येई. पुढे अनेकांना एकाच वेळी काम करणे शक्य झाले, तरी संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती संगणकावरच राहत असे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी लायनस टॉरव्हॉल्ड्झ यांनी २००५ मध्ये ‘गिट’ रचले. त्यात सामान्यतः प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर संपूर्ण इतिहासाची प्रत असते.

गिटमधील प्रत्येक नोंदीस तिच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण मिळते. आशयात एक अक्षर फिरले तरी खूण बदलते. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलणे अवघड जाते. नवे काम मूळ प्रवाहापासून अलग काढलेल्या ‘शाखे’वर करतात. ते पुरे झाले की सेवेच्या द्वारे विलीनीकरणाची विनंती केली जाते. सहकारी बदल ओळीओळीने तपासतात, स्वयंचलित चाचण्या होतात आणि अधिकार असलेली व्यक्ती संमती देते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असल्यास यंत्र विरोध दाखविते. निवाडा माणसासच करावा लागतो.

व्यवस्थापित सेवेमुळे लहान गटासही स्वतःची यंत्रसामग्री न बाळगता दूरदूरच्या सहकाऱ्यांसह काम करता येते. तथापि आज्ञावलीचा इतिहास सर्वांजवळ असला, तरी चर्चा, दोषांच्या नोंदी व संमतीचे अभिप्राय बहुधा सेवेपाशीच राहतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या सेवेतील माहितीसाठा चुकून पुसला गेला, तेव्हा सुमारे सहा तासांतील अशा नोंदी नष्ट झाल्या. आज्ञावलींची भांडारे मात्र शाबूत राहिली. सेवा बंदही पडू शकते. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘लोहित’ या मुक्त टंकांचे काम ज्या ‘फेडोरा होस्टेड’ सेवेवर चाले, ती २०१७ मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सिरिया व क्रिमिया येथील अनेकांची गिटहबवरील खाती मर्यादित करण्यात आली. म्हणून चर्चेसह सर्व नोंदींची स्वतंत्र प्रत ठेवणे इष्ट ठरते.

भारत सरकारने शासकीय आज्ञावली खुल्या करून त्यांचा सहकार्याने विकास करण्याविषयीचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले व त्यासाठी ‘ओपनफोर्ज’ ही सेवा उभारली. ‘आरोग्य सेतु’च्या अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली मे २०२० मध्ये गिटहबवर खुली करण्यात आली.