तुटक रेषा: प्लॉटिंग आलं की पायवाट कुठे जाते?

हा भाग हेडफोनवर ऐकायला वेळ नसेल तर इथे निवांत वाचा. बोललेलंच लिहिलंय, थोडं नीट करून.

परभणी शहरातून कुठल्याही बाजूला निघा, जिंतूर रोड घ्या, वसमत रोड घ्या, नाहीतर गंगाखेड रोड. पूर्वी जिथं कापूस आणि सोयाबीन होतं, तिथं आता चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट आणि एक मोठी कमान. नवी वस्ती होतेय. होऊ दे, लोकांना घरं पाहिजेतच. पण त्या वावरातून एक पाऊलवाट जायची. मजूर बाया, शाळेची पोरं, चारा घेऊन येणारी म्हातारी माणसं त्याच वाटेनं यायची. एके दिवशी तिथं तारेचं कुंपण दिसतं आणि कुणीतरी सांगतं, "तिकडून वळसा घाला, तिकडं रस्ता सोडलाय."

आजचा प्रश्न एवढाच: वाट अशी हलवता येते का?

आधी वाट ओळखा

गावाचा मूळ नकाशा कधी पाहिलाय का? त्यात पायमार्ग एका तुटक रेषेनं दाखवतात आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. या खुणा शासनाच्या ४ नोव्हेंबर १९८७ च्या परिपत्रकात नीट समजावल्या आहेत. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट.

आता थोडं गणित. प्लॉटिंगमधून ६०० फूट लांबीचा पायमार्ग जातोय असं समजा. ६०० गुणिले सव्वाआठ म्हणजे ४,९५० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे ती वाट साडेचार गुंठ्यांची झाली, हजार-बाराशे फुटांचे चार प्लॉट! वाट का गायब होते, ते कळलं ना?

दुसरी खूण सातबारावर. तिथं 'पोटखराब' असा रकाना असतो, त्यात 'अ' आणि 'ब' असे दोन वर्ग. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, नाल्याची, लागवडीला न येणारी जमीन. वर्ग 'ब' मध्ये सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, रस्त्याखालची किंवा मान्य पायवाटेखालची जागा, स्मशानभूमी असं येतं. त्यावर शेतसारा नसतो, कारण ती जागा एकट्या मालकाच्या वापरातली नाही. प्लॉट ज्या गटात आहे त्याच्या सातबारावर वर्ग 'ब' पुढे आकडा दिसला, तर विचारा: हे क्षेत्र कशाचं? आणि लेआउटमध्ये ते कुठं दाखवलंय?

मग हलवायचा अधिकार कुणाला?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. कलम २० सांगतं की दुसऱ्या कुणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा राज्य सरकारच्या. पुढचं कलम २१ आपल्या कामाचं. सरकारच्या मालकीची अशी वाट लोकांना आता लागत नाही असं वाटलं, तर जिल्हाधिकारी राजपत्रात तसं जाहीर करतात आणि त्या वाटेजवळ नोटीस लावतात. लोकांना लेखी हरकत घ्यायला ९० दिवस मिळतात. हरकती ऐकून मगच निर्णय.

म्हणजे बघा, जमीनमालक ठरवत नाही, प्लॉट विकणारा ठरवत नाही आणि "सरपंचांना विचारलंय" हे उत्तर पुरेसं नाही. जमीन एनए झाली म्हणून तिच्यातली सार्वजनिक वाट आपोआप संपत नाही.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न रोजचा आहे. तिथं १९४९ च्या कायद्यापासून सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे ठेवायला सुरुवात झाली. घरं बांधायला वाट आड येत असेल, तर बिल्डर ती वळवायचा आदेश मागतो. त्याची नोटीस वाटेच्या दोन्ही टोकांना लावतात आणि हरकतीला किमान २८ दिवस देतात. नुसती बांधकामाची परवानगी मिळाली म्हणून वाट बंद करता येत नाही. सांगायचा मुद्दा असा की, पायवाट ही तिथंही आणि इथंही 'मोकळी जागा' नाही. तो लोकांचा हक्क आहे.

"पण पर्यायी रस्ता दिलाय ना!"

कधीकधी वाट वळवणं खरंच योग्य असतं. जुनी वाट वाकडी, चिखलाची, आणि नवा रस्ता रुंद, दिव्यांचा असेल, तर कुणाची तक्रार असणार? पण वळसा तपासूनच घ्या.

एक, लांबी. वाट मधोमध जात होती आणि वळसा कडेनं दिला: ३०० फूट बाजूला, ६०० पुढे, ३०० परत. सहाशेचे बाराशे झाले. डोक्यावर भारा असला की हे अंतर कळतं.

दोन, माती. आपली जमीन काळी, चिकण. जुनी वाट वर्षानुवर्षं तुडवून घट्ट झालेली असते. नवी वाट मुरूम न टाकता दिली, तर जुलैत चप्पल हातात घ्यावी लागते.

तीन, पाणी. बऱ्याच पांदणी खोलगट असतात आणि पावसाचं पाणी तिथूनच वाहतं. त्या भरून प्लॉट पाडले, तर पाणी कुणाच्या तरी वावरात किंवा नव्या घरात शिरणारच.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद. नवी वाट मंजूर लेआउटमध्ये आहे का? नसेल तर तो शब्द आहे, रस्ता नाही. उद्या तिथंही प्लॉट पडू शकतो.

अडवलीच तर?

वाट शेताकडे जाणारी असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडथळा काढायचा आदेश ते देऊ शकतात. पण मुदत सहा महिन्यांची आहे. "बघू, दिवाळीनंतर बोलू" म्हणत बसलात तर दार बंद. मूळ रस्ताच नाही आणि बांधावरून वाट पाहिजे, तर महसूल अधिनियमाचं कलम १४३.

आता खरा प्रश्न. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचं काय? वाट तर त्यालाच जास्त लागते. स्मशानभूमीकडं जाणारी वाट अडली, तर तहसीलदाराकडं कुठल्या शेताचा अर्ज करणार? त्याच्यासाठी वाट 'सार्वजनिक' असणं हेच सगळं काही आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नं पंचायतीला दिलाय. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी असा अडथळा हटवायचा आदेश काढू शकतात. दोन्हीकडं जमीन नावावर असायची अट नाही.

एक खरं सांगायला पाहिजे. तुडवलेली प्रत्येक वाट सार्वजनिक नसते. नकाशावर नसेल, तर जुना वापर पुराव्यानं दाखवावा लागतो आणि ते अवघड जातं. म्हणून वाट चालू आहे तोवरच फोटो काढा, तारखेसह. गावनकाशाची प्रमाणित नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून आणा. 'महाभूनकाशा' मोबाईलवर बघायला चांगला, पण तिथं गटांच्या हद्दी दिसतात. त्यावर पायवाट दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं समजू नका.

आणि घरात प्लॉट घ्यायची बोलणी चालू असतील, तर हा भाग वडिलांना ऐकवा. वाटेवरचा प्लॉट घेणारा मुद्दाम चुकलेला नसतो. पण वाट मोकळी करायचा आदेश निघाला, तर जेसीबी त्याच्याच कंपाउंडपाशी थांबतो. प्लॉट विकणारा तोवर दुसऱ्या रोडला कमान उभी करत असतो.

इसार देण्याआधी नकाशा उघडा. तुटक रेषा शोधा. भेटू पुढच्या भागात.